मदत हवी आहे: सिंहगड सायकलने आणि साताऱ्याची हिल मॅरेथॉन, पंचावन्नीनंतर मेळ कसा घालावा?

नमस्कार मंडळी. वय ५८, राहायला धायरी. दर रविवारी सायकलने सिंहगड चढतो, आठवड्यातून तीन दिवस पळतो. यंदा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला वयोगटात चांगली वेळ द्यायची मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की रविवारच्या घाटानंतर मंगळवारचे वेगाचे पळणे पार कोलमडते. पोटऱ्या दगडासारख्या, नाडी मात्र वरच चढत नाही. चाळिशीत एका रात्रीत पाय मोकळे व्हायचे, आता तीन दिवस लागतात.

सायकलने दम टिकतो हे पक्के. पण साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वराचा घाट चढून परत उतरायचाही असतो, आणि उतारावर मांड्यांना जे हादरे बसतात त्यांची सवय सायकल लावत नाही. म्हणून सायकलचा घाट सोडून नुसते पळावे, तर डावा गुडघा कुरकुरतो. सायकल सुरू केली की शांत!

पन्नाशी ओलांडलेल्या ज्यांनी दोन्ही सांभाळले आहे त्यांनी कृपया सांगा: शर्यतीआधी किती आठवडे सायकलने घाट चढणे बंद केलेत? उतारावरचा सराव किती आणि कधी? वजनांचा व्यायाम कोणत्या दिवशी बसवता?

सायकल कायमची सोडा, एवढे मात्र सुचवू नका.