मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंट केलेला एल्बो बसत नाही

रखडलेली_गाडी: स्कॅन केला, प्रिंट काढला, भोकं जुळत नाहीत. एका बाजूला बसतो, दुसरीकडे अडतो. स्कॅनर भाड्याचा आहे, परत करायचाय, तेव्हा लवकर सांगा. "मूळ पार्ट शोधा" नको, शोधून झालंय.

लेथवाला: कसला एल्बो? गाडी कुठली? प्रिंट कशात?

रखडलेली_गाडी: पाण्याचा वाकडा पाइप, अजून कसला! इंजिनच्या हेडवर थर्मोस्टॅटच्या वर बसतो तो. ऑस्टिन ए40 डेव्हन, 1950. मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा, गंजून चाळण झालाय. प्रिंट पीएलए प्लास्टिकमध्ये.

बिटबाइट: प्रिंटरला देतो त्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एककच नसतं. इंच-मिलिमीटरचा घोळ, दुसरं काही नाही.

लेथवाला: मग एल्बो 25.4 पट झाला असता की हो.

गॅरेजप्रेमी: ही कामं मोठ्या कंपन्यांची. पोर्शने 2018 मध्ये 959 च्या क्लचचा लिव्हर धातूची पावडर लेझरने वितळवून बनवला.

लेथवाला: त्यांच्याकडे मूळ ड्रॉइंग असतं, यांच्याकडे भंगार आहे. स्कॅनर दिसेल ते उचलतो: गंजाचे खड्डे, वाकलेला फ्लँज (हेडवर टेकणारी सपाट कड), घासून लांबट झालेली भोकं. तेच छापलं तर झीजसुद्धा नवीकोरी मिळते. स्कॅन बाहेरच्या वळणापुरता वापरा. फ्लँज आणि भोकं कॅडमध्ये नव्याने काढा, मापं व्हर्नियरने हेडवरून घ्या. गाडी ब्रिटिश आहे, इंचात विचार करा. समजा 58.7 मिमी आलं, तर ते 2 5/16 इंच. त्याचे 58 किंवा 59 केलेत की अडलंच.

रखडलेली_गाडी: हातानेच मोजायचं तर स्कॅनर कशाला आणला मी?

तेलकट_हात: तेच म्हणतोय! आम्ही लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करून धातू ओतून घ्यायचो. कॉम्प्युटर नव्हता तेव्हाही गाड्या धावतच होत्या.

बिटबाइट: काका, आता पॅटर्नच प्रिंट करतात.

लेथवाला: भांडू नका. ओतणार असाल तर पॅटर्न साधारण 1.3 टक्का मोठा ठेवा, अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं. फ्लँजच्या तोंडाला मशीनिंगसाठी वेगळं मटेरियल सोडा. आणि पीएलएचा एल्बो फक्त बसवून बघायला. 60 अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. तो लावून इंजिन चालू करू नका.

बारा_व्होल्ट: डेव्हन म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेताना त्यासाठीचंच किट घ्या, निगेटिव्हचं उलटं जोडलं की जळतं.

रखडलेली_गाडी: इग्निशनचं विचारलंय कुणी?? लेथवाला, हेडवरचा एक स्टड जरा कललाय. त्याचं माप टोकाला घेऊ की मुळाशी?

लेथवाला: हे आत्ता सांगताय? आधी तो स्टड बदला, मग मोजा. कदाचित प्रिंट ठीकच असेल.

बारा_व्होल्ट: इग्निशनचे जुने पॉइंट्स ठेवणार की काढणार, तेवढं सांगा.