मदत हवी आहे: गोचिडींनी जीव नकोसा केलाय

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ राहतो, घर जुनं, जांभ्या दगडाचं. बंड्या आमचा गावठी कुत्रा, वय 4, वजन 18 किलो. रोज संध्याकाळी त्याच्या कानामागून आणि बोटांच्या बेचक्यांतून आठ-दहा गोचिडी निघतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतो, स्पिरिटमध्ये टाकतो. (शेजारचे काका म्हणतात रॉकेल चोळ. नाही चोळणार!)

मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध फिप्रोनिल महिन्याच्या अंतराने दोनदा झालं, फरक आठवडाभरच. डॉक्टर म्हणाले, अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या भिंतींच्या फटीत. एकेक मादी हजारांवर अंडी घालते. खरी पंचाईत तिथेच आहे. घरात मांजरही आहे आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी, म्हणजे भिंतींवर त्याचा फवारा बाद. जांभ्याच्या फटी कुणी कशाने बुजवल्यात? नुसता चुना टिकतो का?

दुसरं, गोचिडींवर 12 आठवडे चालणारी फ्लुरालॅनरची गोळी कुणी दिली आहे का? बंड्याला लहानपणी एकदा फिट आली होती, आणि या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येतात, म्हणून हात धजत नाही.

कालपासून तो जेवलेला नाही. एर्लिकियासाठी (गोचिडींतून पसरणारा रक्ताचा आजार) रक्त तपासायला आजच नेतोय.