फोन स्वस्त झाला तो खासगीकरणामुळे की नियम बदलल्यामुळे?

सातपुडा:
"खासगी कंपन्या आल्या आणि फोन स्वस्त झाले" हे इतक्यांदा ऐकलंय, पण तारखा जुळत नाहीत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९४च्या धोरणाने. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तरी पुढची कित्येक वर्षं मोबाईल श्रीमंतांच्याच खिशात होता. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, वर आलेल्या फोनचेही पैसे! कंपन्यांनी परवान्यासाठी न झेपणाऱ्या बोली लावल्या होत्या आणि ती फी भरताना त्या मेटाकुटीला आल्या. सुटका केली १९९९च्या धोरणाने: ठरावीक फीऐवजी उत्पन्नातला वाटा. मग २००३मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि भाजीवाल्याच्या हातात मोबाईल आला. कंपन्या तर आधीपासून होत्याच, त्यामुळे माझ्या मते श्रेय नियमांचं.

रांगेतला:
अजिबात सहमत नाही. स्पर्धाच नसती तर नियम बदलायची गरज कोणाला वाटली असती? १९९१मध्ये ८४ कोटींच्या देशात फोन होते जेमतेम ५० लाख. वडिलांनी अर्ज केला तेव्हा मी तिसरीत होतो, घरी फोन वाजला तेव्हा दहावी होऊन गेली होती. जास्त अनामत भरू शकणारे ओवायटीच्या ('ओन युवर टेलिफोन' योजनेच्या) यादीतून पुढे जायचे, बाकीच्यांनी वाट बघायची. १८८५च्या तार कायद्याखाली नियम करणारं, फोन देणारं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच होतं. १९९७मध्ये ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली तीसुद्धा खासगी खेळाडू मैदानात उतरले म्हणूनच.

सातपुडा:
ट्रायचा मुद्दा मान्य. पण तिचं पुढे काय झालं तेही बघा. दूरसंचार खातं तिचं ऐकेना, भांडणं दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि शेवटी २०००मध्ये कायदा बदलून तंट्यांसाठी टीडीसॅट हे न्यायाधिकरण वेगळं काढावं लागलं. नियामक दुबळा असताना नुसत्या स्पर्धेने काही साधलं नव्हतं.

परदेशस्थ:
रांगेतला यांच्या बाजूने एक मत. मी १९९६पासून अमेरिकेत आहे. तेव्हा आई इकडे फोन लावायची ती घड्याळ समोर ठेवून, तीन मिनिटांत सगळ्यांची खुशाली. परदेशी कॉलची मक्तेदारी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडे होती. ती २००४पर्यंत चालायची होती, पण १ एप्रिल २००२लाच संपवली आणि दर झपाट्याने उतरले.

निवृत्त लाईनमन:
मी खांबावर चढलेला माणूस, म्हणून लिहितो. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची १२८ लायनींची ग्रामीण एक्स्चेंज एसीशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालायची. ती गावोगाव बसली, मागोमाग एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले. तोवर खासगी कंपनीचा एक टॉवरही उभा नव्हता. रांग होती हे खरं, पण ती कमी करायला आम्ही सुरुवात केली होती. पुढे बीएसएनएलला काय मिळालं? जिओ सुरू झालं सप्टेंबर २०१६मध्ये, आणि बीएसएनएलला ४जी स्पेक्ट्रम द्यायचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९मध्ये. त्याच निर्णयात स्वेच्छानिवृत्ती होती. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८ हजारांवर माणसं बाहेर पडली. सरकारी कंपनी स्पर्धेत हरली म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

रांगेतला:
लाईनमनकाका, ४जीचं तुमचं म्हणणं खरं आहे, तो अन्यायच होता. पण तो सरकारने स्वतःच्याच कंपनीवर केला. मालक सरकार असलं की असंच होतं, म्हणून मी खासगीकरणाच्या बाजूने आहे.

सातपुडा:
आणि खासगीचं काय झालं? २००८च्या २जी वाटपातले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये रद्द केले. सरकारचा वाटा कुठल्या उत्पन्नावर मोजायचा याच्या २०१९च्या एजीआर निकालाने कंपन्यांवर सरकारी थकबाकीचा डोंगर उभा राहिला, तो फेडता येईना म्हणून व्होडाफोन आयडियाचा जवळजवळ अर्धा हिस्सा आज सरकारकडे आहे. एवढं करून जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. अशा वेळी ट्रायने कमाल दर ठरवावा, असं मला ठामपणे वाटतं.

रांगेतला:
कमाल दर नको. मग गुंतवणूक कोणी करणार नाही. चौथी कंपनी टिकेल असं काहीतरी करा.

निवृत्त लाईनमन:
चौथी आहे की. त्या जुलैनंतर लोक बीएसएनएलकडे नंबर पोर्ट करायला लागले होते. तिथे ४जीचे टॉवर तयार असते तर ते टिकलेही असते.