आईबरोबर जहाजावर जागा मिळाली, ही दया होती का?

सिंधुसागर : १७८८ ते १८५३ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या सुमारे २५,००० स्त्री-कैद्यांविषयी केवळ हळहळ व्यक्त केली जाते. तान्ही मुले आईबरोबर नेता येऊ लागली आणि १८१५ नंतर कैद्यांच्या जहाजांवर आरमाराचे डॉक्टर नेमले गेल्यावर प्रवासातले मृत्यू झपाट्याने घटले. लंडनच्या गल्लीत उपाशी मरण्यापेक्षा हे बरे नव्हते का?

रेवती_क : हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चोरीच्या गुन्ह्यात नॉरिचच्या तुरुंगात असलेल्या सुझॅना होम्सला १७८६ मध्ये तिथेच मुलगा झाला. प्लिमथला तिला जहाजावर घेताना, बाळाला घेण्याचा हुकूम आपल्याकडे नाही असे सांगून कप्तानाने ते पोर धक्क्यावरच ठेवले. शेवटी जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगाचा पहारेकरी बाळाला मांडीवर घेऊन घोडागाडीने लंडनला गेला, त्याने गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांना गाठले आणि हुकूम मिळवला. सिम्प्सनच्या जागी दुसरा कुणी असता, तर ते मूल आईला दिसले असते का?

सिंधुसागर : त्याच सुझॅनाने फेब्रुवारी १७८८ मध्ये सिडनीत बाळाच्या बापाशी लग्न केले आणि जहाजावर गहाळ झालेल्या सामानासाठी नवरा-बायकोने कप्तानावर दावा लावून १५ पौंड मिळवले. इंग्लंडात कैदी म्हणून त्यांना तो दावा लावता आला नसता. हा भाग आपण सोयीने गाळलात.

रेवती_क : एका जोडप्याच्या नशिबावरून पंचवीस हजार जणींचा निवाडा होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या कॅस्केड्स कारखान्यात, जो प्रत्यक्षात तुरुंगच होता, मूल अंगावरून तोडले की गरोदर राहिल्याची शिक्षा म्हणून आईची रवानगी सहा महिने सक्तमजुरीच्या वर्गात होई आणि मूल दोन-तीन वर्षांचे झाले की आई जिवंत असताना त्याला अनाथालयात धाडत. १८३३ मध्ये ‘अ‍ॅम्फिट्राइट’ हे स्त्री-कैद्यांचे जहाज फ्रान्समधल्या बुलोनजवळ वाळूत रुतले, तेव्हा किनारा समोर असूनही कप्तानाने बायकांना उतरू दिले नाही; शंभराहून अधिक बायका मुलांसह बुडाल्या आणि वाचले ते तिघेही खलाशी होते.

घाटवाट : ऑस्ट्रेलियाबद्दल एवढे बोलता, पण काळे पाणी म्हटले की आपल्याला फक्त राजबंदी आठवतात. सेल्युलर जेल उभे राहण्याच्या कित्येक दशके आधी अंदमानात स्त्रिया जन्मठेप भोगत होत्या आणि त्यांतल्या अनेकींवर नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या अर्भकाच्या खुनाचा आरोप शाबीत झालेला होता. काही वर्षांनी त्यांना तिथल्याच कैद्याशी लग्न करण्याची मुभा मिळे. या बायकांवर आपण काय लिहिले?

रेवती_क : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ या पुस्तकासाठी लेखणी उचलली, ती याच संतापातून. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचे; तिला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये आधी फाशी सुनावली होती.

सिंधुसागर : विषय भरकटवू नका. विजयालक्ष्मीची शिक्षा अपिलात काळ्या पाण्याच्या जन्मठेपेवर आणि पुढे पाच वर्षांवर आली, म्हणजे दाद लागत होती.

घाटवाट : तिला पाच वर्षे आणि मुलाच्या बापाला कुणी विचारलेही नाही! याला आपण दाद म्हणता? लाज वाटते वाचायला.

मालती_ज : मी एका महिला कारागृहाच्या बालवाडीत शिकवत असे. सहा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बाहेर न्यावेच लागते. एका मुलीने त्या दिवशी आईच्या ओढणीचे टोक स्वतःच्या मनगटाला गाठ मारून बांधले होते आणि ती गाठ मला सोडवावी लागली. त्यामुळे मूल आईजवळ राहिले एवढे सांगून कुणी थांबले, की मला ते अपुरे वाटते.

सिंधुसागर : डॉक्टरांमुळे जीव वाचले, हे माझे विधान मी मागे घेणार नाही. होबार्टच्या मुलांचे हाल प्रवासाच्या हिशेबात धरले पाहिजेत, एवढे मान्य करतो, त्यापुढे नाही.

रेवती_क : मग ‘तान्ही मुले आईबरोबर नेता येऊ लागली’ या आपल्या वाक्यापुढे ती किती दिवस आईजवळ राहिली, हेही लिहा.