रविवारी हॉलमध्ये गेम लावायचे का? (फोंड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सचिव: रविवारी दुपारी ४ ते ७ हॉल मोठ्या मुलांना व्हिडिओ गेमसाठी हवा आहे. प्रोजेक्टर बी-३०२ देणार. कोणाची हरकत असेल तर इथेच सांगा.

ए-१०३ काकी: माझी आहे. पावसानं पोरं आधीच घरात कोंडलीत, त्यात आणि बंदुका कशाला? रविवारी तरी काही बरं वाचू देत.

बी-३०२: काकी, नुसत्या गोळीबाराचा गेम मी आणणारच नाही. मला 'धिस वॉर ऑफ माइन' दाखवायचाय. पोलंडमधल्या लोकांनी २०१४ मध्ये केलेला. बोस्नियातल्या साराजेव्हो शहराला १९९२ ते १९९६ वेढा पडला होता, त्यावरून सुचलेला. यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात अडकलेली तीन-चार साधी माणसं आपल्या हाती असतात. दिवसा बाहेर नेमबाज टपलेले, म्हणून घरातच राहायचं, शेगडी पेटवायची, आजाऱ्याला बघायचं. रात्री एकानं अन्न शोधायला निघायचं.

एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे खायला आहे, औषधं आहेत. ती आपल्याला अडवू शकत नाहीत, म्हातारा नुसता विनवत राहतो. लुटलं तर आपला आजारी माणूस जगेल. लुटून परत आलं, की ज्यानं ते केलं तो आतून खचायला लागतो. गेम उपदेश करत नाही, गुणही कापत नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळांच्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं.

ए-१०३ काकी: वाचनयादीत? गेम?

बी-३०२: हो काकी. मोठ्या वर्गांसाठी, ऐच्छिक.

सी-१०१ सर: माझी शंका वेगळी आहे. देवळाच्या उत्सवात मी इतकी वर्षं नाटकं केली. राजा चुकतो, त्याचा सत्यानाश होतो, समोर बसलेला रडतो. तो रडू शकतो कारण तो राजा नाही, लांबून बघतोय. इथे खेळणाराच राजा. मग त्याला वाईट कशाचं वाटणार? हरल्याचंच ना?

बी-३०२: सर, बहुतेक गेममध्ये हरल्याचंच वाटतं, तुमचं बरोबर आहे. पण चांगल्या गेममध्ये "मी हे केलं" असं वाटतं, आणि ते नाटक-सिनेमात मला कधी वाटलेलं नाही. तिथे चूक राजाची असते. इथे बटण माझ्या बोटाखाली असतं.

मात्र हे ओझं खेळणाऱ्यावर कसं टाकायचं, त्यात फार फरक आहे. 'स्पेक ऑप्स: द लाइन' हा बर्लिनमधल्या लोकांनी केलेला २०१२ चा गेम. वाळूखाली गाडलेलं दुबई, आपण अमेरिकन कॅप्टन. एका जागी आपण पडद्यावर वरून बघत पांढऱ्या फॉस्फरसचा, म्हणजे माणसांना जाळणाऱ्या दारूगोळ्याचा, मारा करतो. दिसतात ते नुसते पांढरे ठिपके. मग त्याच जागेतून चालत जावं लागतं, आणि कळतं की जळालेल्यांत साधी माणसं होती, मुलांसकट. प्रसंग जबरदस्त आहे. पण मारा केल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. दुसरी वाट ठेवायची नाही आणि वर विचारायचं, का केलंस? मला हा अन्याय वाटतो. वेढ्याच्या गेममध्ये रिकाम्या हातानं परतायची मोकळीक असते, म्हणून तिथलं दुःख मला खरं वाटतं.

बी-१०४ वहिनी: मला नाही पटत. हुकूम पाळणाऱ्या सैनिकालाही वाटतं, दुसरी वाट नव्हती. तेच तर दाखवलंय. आणि गेम बंद करणं आपल्या हातात होतंच की.

बी-३०२: वहिनी, बंद केला तर गोष्टच संपली. तिला उत्तर म्हणता येणार नाही.

सी-१०१ सर: वहिनींचा मुद्दा मला पटतो. शोकांतिकेत वाट नसतेच.

बी-१०४ वहिनी: मी लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी करते म्हणून अजून एक सांगते. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर', २०१६ चा. एका जोडप्यानं आपल्या मुलावर केलेला. जोएल नाव त्याचं. वर्षाचा असताना मेंदूत गाठ निघाली, २०१४ मध्ये पाच वर्षांचा असताना गेला. तो जिवंत असतानाच गेम सुरू केला होता. त्यात हॉस्पिटलच्या खोलीतली एक रात्र आहे. पोर रडतंय, बाप सगळं करून बघतो, आपणही इकडे-तिकडे दाबत राहतो. काही केल्या रडं थांबत नाही. दाबलं की काही तरी होतं, हीच गेमची सवय. इथे ती मोडते. अशा रात्रीचे आईबाप मी रोज बघते. त्यांचे हात असेच काही तरी करत राहतात. उशी सरळ कर, पाणी दे, पुन्हा उशी सरळ कर. हे इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

ए-१०३ काकी: वहिनी, मला काही सुचत नाही बोलायला.

ए-१०३ काकी: सगळे असेच दुःखाचे असतात का रे बाबा?

बी-३०२: नाही काकी. 'वेण्बा' म्हणून २०२३ चा आहे. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. आईच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरं पुसलेली. मधलं काय ते ओळखून आपण इडली वाफवायची, बिर्याणीचे थर लावायचे. मुलगा मोठा होतो, तमिळ बोलायला लाजतो, आईपासून लांब जातो. आपलीही किती मुलं बाहेर आहेत. एका बैठकीत संपतो. पुण्यात केलेला 'राजी' पण आहे, २०२० चा. दिसायला सुंदर, देवादिकांच्या गोष्टी छान सांगितल्यात, पण लढाईच जास्त आणि बहीण-भावाची मूळ गोष्ट मागे पडते. तो नंतर कधी तरी.

ए-१०३ काकी: वहीचा आधी लावा. मी येते. घरच्यांनाही आणते.

सी-१०१ सर: त्यानंतर वेढ्याचा. कंट्रोलर मुलांच्याच हातात द्या, आणि म्हाताऱ्याच्या घरात शिरल्यावर कोणी मोठ्यानं तोंड उघडायचं नाही. काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. बोलायचं ते नंतर बोलू.

बी-१०४ वहिनी: वेढ्याचा दहावीच्या खालच्यांना नको. आणि जोएलचा हॉलमध्ये मुळीच लावू नका. तो ज्याचा त्यानं घरी, कोणी तरी सोबत असताना खेळावा.

सचिव: ठीक. ४ वाजता 'वेण्बा', साडेपाचला दुसरा. लहान मुलांना त्याआधी घरी न्यायचं.