२६५ नॉट्स बरोबरच आहेत

दादा, ३५ हजार फुटांवर तुमचं ए३२० विमान वेग जेमतेम २६५ नॉट्स (ताशी सागरी मैल) दाखवतंय म्हणून तुम्ही थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलताय. कृपा करून तसं करू नका, आकडा अगदी बरोबर आहे. तो हवेच्या दाबावरून मोजला जातो आणि तिथली हवा विरळ असते. खरा वेग साधारण ४५० नॉट्स असतो. म्हणून एवढ्या उंचीवर मॅक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या तुलनेतला वेग, धरून उडवतात: ए३२० ला ०.७८ च्या आसपास, बोइंग ७८७ ला ०.८५.

नेमका मॅक ठरतो एफएमएसमध्ये (विमानाच्या उड्डाण-संगणकात) टाकलेल्या कॉस्ट इंडेक्सवरून, म्हणजे वेळेचा खर्च भागिले इंधनाचा खर्च. शून्य टाकलं की विमान इंधन वाचवत हळू जातं. काल रात्री सोनेगावहून (नागपूरच्या विमानतळावरून) मुंबईला निघालो, आधी १० टाकले, वाटेत ८० केले. मॅकचा दुसरा दशांश हलला, तेवढंच! पण फ्युएल फ्लो, म्हणजे इंधन जळण्याचा वेग, लगेच चढला.

आणि एफएमएसमध्ये वाऱ्याची माहिती भरायला विसरू नका. हिवाळ्यात नागपूरहून पश्चिमेला जाताना वारा समोरून येतो. तो भरला असेल तर त्याच इंडेक्सला एफएमएस स्वतःच मॅक किंचित वाढवतं. बहुतेक जण हेच टाळतात, आणि मग मुंबईला इंधन कमी का उरलं ते कळत नाही.