दादाला ६ महिन्यांची कैद, हजर व्हायला ३ आठवडे: त्याची आणि घरची तयारी कशी करायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाला चेक न वटल्याच्या दोन केसमध्ये (कलम १३८) इचलकरंजी कोर्टाने प्रत्येकी ६ महिने साधी कैद दिली होती. दोन्ही चेक एकाच सूत व्यापाऱ्याला दिलेले. सत्र न्यायालयात दोन्ही अपिलं फेटाळली गेली आणि ३ आठवड्यांत खालच्या कोर्टात हजर व्हायला सांगितलंय. नुकसानभरपाई दोन्ही मिळून ९ लाख, त्यातले १ लाख ८० हजार अपिलाच्या वेळी भरलेत. भरपाई न दिल्यास प्रत्येकी २ महिने जादा कैद.

दादा ५२ वर्षांचा, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. घरात वहिनी, ७८ वर्षांची आई, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. खर्चीवर (सूत व्यापाऱ्याचं, आपण फक्त मजुरीवर विणून द्यायचं) चालणारे १२ माग आहेत आणि सगळा व्यवहार दादाच्या सहीवर. रिव्हिजन (निकाल तपासण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज) करणार आहोत, पण ६ महिने कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात काढावे लागतील असं धरूनच तयारी करतोय. या ३ आठवड्यांत काय करून ठेवायचं, लोक कुठे चुकतात, ते जाणकारांनी सांगावं. मुलांना काय सांगायचं हा प्रश्न तर सगळ्यात अवघड वाटतोय.

काळा_डगला

आधी एक गोष्ट तपासा, बाकी सगळं नंतर. तुम्ही "६ महिने धरून" म्हणताय, पण केस दोन आहेत. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या असं निकालपत्रात लिहिलेलं नसेल तर त्या एकामागून एक धरल्या जातात. म्हणजे ६ अधिक ६, आणि भरपाई नाही दिली तर वर २ आणि २. एकूण १६ महिने. निकालाची नक्कल घ्या आणि शेवटचं आदेशाचं पान वकिलासमोर बसून शब्दन् शब्द वाचा. तसा उल्लेख नसेल तर रिव्हिजनमध्ये ती मागणी स्वतंत्रपणे घालायला सांगा. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम ४२७ होतं, नागरिक सुरक्षा संहितेत ४६७ आहे. चेक एकाच व्यवहारातले असतील तर शिक्षा एकत्र भोगू देण्याकडे न्यायालयांचा कल असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्ही. के. बन्सल प्रकरणात ही भूमिका घेतली. मात्र भरपाई न दिल्याबद्दलची जादा कैद अशी एकत्र होत नाही, हेही त्याच निकालात आहे.

दुसरं. जादा २ महिने भोगले की भरपाई फिटली, असा समज सर्रास असतो. तो चुकीचा आहे. कैद भोगूनही रक्कम वसूल होऊ शकते. उलट जेवढी रक्कम भराल तेवढी त्या जादा कैदेतली मुदत त्या प्रमाणात कमी होते, आणि पूर्ण भरली की ती संपते. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते कशात घालायचे हा हिशेब आत्ताच करा.

तिसरं, तडजोडीचा दरवाजा अजून उघडा आहे. चेकच्याच कायद्यातल्या कलम १४७ खाली हा गुन्हा कुठल्याही टप्प्यावर मिटवता येतो, रिव्हिजनमध्येसुद्धा. उशीर होईल तसा वर भरायचा खर्च वाढतो, एवढंच. कोर्टात भरलेले १ लाख ८० हजार तडजोडीच्या रकमेत धरून बोला. व्यापाऱ्याच्या हातात रोख देऊ नका. आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट, आणि दोघांच्या सहीची तडजोड पुरसीस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) कोर्टात दाखल झाली पाहिजे. "पैसे द्या, केस मी बघतो" यावर विसंबून लोक पैसेही घालवतात आणि आतही जातात.

रिव्हिजनची मुदत ९० दिवस आहे, पण हजर व्हायची मुदत ३ आठवडे. ९० दिवस आहेत म्हणून निवांत राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामीनदाराच्या मागेही नोटीस लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतात.

हजर व्हायचा दिवस शक्यतो सोमवार किंवा मंगळवार ठेवा, आणि सकाळी ११ लाच कोर्टात असा. शुक्रवारी दुपारी हजर झालं की कागद रखडतात आणि पुढे दोन दिवस वकील, अर्ज, भेट काहीच हलत नाही. दोन्ही केसमध्ये एकाच दिवशी हजर व्हा. एकाच केसमध्ये झालात तर दुसऱ्या शिक्षेचा दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही.

कोर्टातून निघण्याआधी वकिलाने दोन्ही जेल वॉरंट (तुरुंगात पाठवायचे कोर्टाचे आदेश) वाचलेच पाहिजेत: नाव, वडिलांचं नाव, केस नंबर, शिक्षा, जादा कैद, आणि आधी कोठडीत गेलेले दिवस. पूर्वी कधी याच केसमध्ये अटक होऊन एक-दोन रात्री आत काढल्या असतील तर तेही दिवस वजा होतात, पण वॉरंटवर लिहिलेले हवेत. तुरुंग कागदावर चालतो. नावातली वेलांटी चुकली तरी सुटकेच्या दिवशी खोळंबा होतो.

घरचा_हिशेब

कायद्याचं वर आलंच आहे, मी फक्त सहीचं बोलतो. आत गेल्यावर एका सहीसाठी अधीक्षकांची परवानगी, साक्षांकन आणि पुन्हा फेरी लागते. बाहेर १० मिनिटांचं काम आत १५ दिवसांचं होतं.

पहिला इशारा: दादांनी कोरे चेक सही करून वहिनींकडे ठेवायचे नाहीत. एकही नाही. खात्यात शिल्लक नसताना त्यातला एक जरी गेला तर पुन्हा १३८, आणि सही दादांचीच. पूर्वी कुणाला तारण म्हणून दिलेले चेक असतील त्यांची यादी करा. शक्य तेवढे परत घ्या, उरलेल्यांचे नंबर लिहून ठेवा.

बँकेत दोघांनी मिळून जा आणि घरखर्चाचं खातं वहिनींसह जॉइंट करा, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवरही चालतं. नॉमिनी असणं म्हणजे खातं चालवता येणं नव्हे. नॉमिनीचा अधिकार मृत्यूनंतरच येतो, आणि याच गैरसमजात कुटुंबं अडकतात. धंद्याच्या चालू खात्यावर वहिनींना किंवा तुम्हाला सहीचा अधिकार द्या. त्यासाठी बँकेचा स्वतःचा नमुना असतो, बाहेरून करून आणलेलं मुखत्यारपत्र बँका बहुतेकदा परत करतात. बाकी कामांसाठी नोटरीचं मुखत्यारपत्र करा, त्यात कामं नावानिशी लिहा: वीज बिल, जीएसटी, आयकर विवरणपत्र, भाडेकरार, विमा, गाडी. जागा विकायची वा गहाण ठेवायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर ते मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं लागतं.

जीएसटीचं मासिक विवरण सलग ६ महिने नाही गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. तुमचा काळ नेमका तेवढाच आहे. माग बंद राहिले तरी शून्य विवरण भरत राहा. एलआयसीचा हप्ता मासिक असेल तर सवलतीचे १५ दिवस, तिमाही-सहामाही-वार्षिक असेल तर ३०. कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं थकीत वर्गात जातं, म्हणून बँकेला आधीच लेखी अर्ज देऊन हप्त्यांची फेररचना मागा. कारण सविस्तर लिहायची गरज नाही. दादांचं सिमकार्ड घरच्या साध्या फोनमध्ये घालून रिचार्ज करत राहा. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि आधार, पॅन, बँक सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं.

मागांचं म्हणाल तर एक २०० पानी वही करा. कुणाचं किती बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आलंय, खर्चीचा दर काय ठरलाय, कोणत्या कामगाराने किती उचल घेतलीय, आठवड्याचा पगार किती जातो, कुणाकडून किती येणं आहे. दिवाणजी आणि वहिनी दोघांसमोर दादांनी ती एकदा वाचून दाखवावी. तोंडी हिशेबावर चालणारा धंदा मालक आत गेल्यावर पहिल्या महिन्यात "एवढं ठरलंच नव्हतं" वर येतो.

डॉ_सीमाभाग

मधुमेहाकडे नीट लक्ष द्या. तुरुंगात संध्याकाळचं जेवण लवकर मिळतं, साधारण ५ च्या सुमारास, आणि मग बराकी बंद होतात. पुढचा नाश्ता थेट सकाळी. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर पहाटे साखर खाली जायचा धोका असतो: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. तुमच्या डॉक्टरांना ही वेळ सांगून डोस आत्ताच जुळवून घ्या, म्हणजे नवीन डोसवर घरी निदान १०-१२ दिवस साखर तपासता येईल. आत कॅन्टीनमधून घेतलेला बिस्किटपुडा रात्री हाताशी ठेवावा. आलेल्या दोन चपात्यांतली एक रात्रीसाठी बाजूला काढणं हाही साधा उपाय आहे.

डॉक्टरांचं पत्र सही-शिक्क्याचं, महिन्याभरातलं हवं. त्यात ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून घ्या. आत दुसऱ्या कंपनीची गोळी मिळेल, रंग-आकार वेगळा दिसेल, म्हणून दादांनाही मूळ नावं पाठ हवीत. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ईसीजीचे कागद. ३ झेरॉक्स संच करा: एक दादांबरोबर, एक वकिलाकडे, एक घरी. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी होते. तिथे सगळे आजार, जुन्या जखमा, ऑपरेशनच्या खुणा सांगाव्यात आणि नोंदवून घ्याव्यात. औषधं सीलबंद पट्ट्यांत, बिलासकट न्या, पण ती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच आत जातात.

दात दुखत असेल तर याच आठवड्यात दंतवैद्य गाठा. चष्म्याचा जादा जोड प्लॅस्टिक फ्रेमचा करा.

विचारायला अवघड, पण विचारा: रोज दारू घेतात का? घेत असतील तर आत गेल्यावर एकदम बंद होते. पहिल्या दिवसात थरथर आणि घाम, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम किंवा झटके येऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. ३ आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणायला पुरेसे आहेत. तंबाखूही आत चालत नाही, ती आजपासून कमी करा.

गर्दीच्या बराकीत खरूज लागते. बोटांच्या बेचक्यात रात्री खाज सुटली की लगेच दवाखान्यात सांगायचं, लाजायचं नाही. जमिनीवर झोपायची आणि भारतीय संडासाची सवय नसेल तर आजपासून सतरंजीवर झोपावं. ५० वर्षांवरच्या बंद्यांना स्वखर्चाने गादी-उशी वापरू द्यायचा निर्णय राज्याच्या कारागृह विभागाने २०२३ मध्ये घेतला होता. दादा ५२ चे आहेत, त्यामुळे अर्ज करून विचारा.

मुलाखत_खिडकी

भेटीला आत "मुलाखत" म्हणतात. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर "ई-मुलाकात" मधून नोंदणी होते, प्रत्यक्ष आणि व्हिडिओ दोन्ही. शिक्षा झालेल्यांना कच्च्या कैद्यांपेक्षा भेटी कमी मिळतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात कळंब्याचे दिवस विचारून घ्या. सगळ्यात जास्त खोळंबा नावामुळे होतो. दादांनी प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांची नावं आधारवर आहेत तशीच सांगायची. वहिनींचं आधार माहेरच्या नावाचं असेल तर तेच नाव, आणि नातं सिद्ध करणारा एक कागद. मूळ आधार न्या, मोबाइल बाहेरच राहतो. भेट थोड्या मिनिटांची, त्यामुळे काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर निम्मा वेळ रडण्यात जातो. फोन करायच्या नंबरांचीही आधी नोंद लागते, म्हणून दोन-तीन नंबर दादांना तोंडपाठ हवेत.

अंगावर साधे कपडे, चप्पल. पट्टा, नाडी, अंगठी, साखळी, घड्याळ घरीच. साधी कैद असली तर कामाची सक्ती नाही, पण काम मागावं. रिकामा दिवस फार लांबतो. खात्यावरच्या पैशातून महिन्याला ठरलेल्या मर्यादेपर्यंत कॅन्टीन मिळतं. पैसे कशाने पाठवायचे ते पहिल्या मुलाखतीला खिडकीवर विचारा, आणि पाठवताना पूर्ण नाव व बंदी क्रमांक न चुकता लिहा.

"आत त्रास होऊ द्यायचा नसेल तर या नंबरला एवढे टाका" असा फोन घरी आला तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की दर आठवड्याला फोन येतो. तारीख-वेळ लिहून अधीक्षकांना लेखी कळवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला सांगा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. दादांनी आत घरचा पत्ता कुणाला देऊ नये, उधारी करू नये, दुसऱ्याची पुडी किंवा फोन क्षणभरही जवळ ठेवू नये.

आता मुलं. "बाबा सुरतेला कामाला गेलेत" असं सांगू नका. इचलकरंजीत ही बातमी आठ दिवसांत शाळेत पोचेल, आणि मग मुलांना दोन धक्के बसतील: बाबा आत आहेत हा एक, घरच्यांनी फसवलं हा दुसरा. मुलीला आठवडाभर आधी सांगा, मुलाला तीन-चार दिवस आधी. सांगायचं दादांनी स्वतः, वहिनी शेजारी बसलेल्या असताना. मुलाला इतकं पुरे: "पैसे द्यायचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. कोर्टाने त्याची शिक्षा दिली. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. पत्र लिहीन." परतायची तारीख नक्की नसताना सांगू नका, तुमच्याकडे तर ६ की १२ हेच अजून ठरायचंय. मुलीला रकमा आणि कोर्टाचं खरं सांगा, ती ऐकलेलं जोडून घेतेच. बाहेर कुणी विचारलं तर दोघांनी म्हणायचं एक वाक्य ठरवून द्या: "घरचा विषय आहे, आईला विचारा." शाळेत फक्त वर्गशिक्षकांना सांगा आणि न्यायला कोण येणार ते लेखी द्या.

पहिल्या मुलाखतीला मुलांना नेऊ नका. वहिनी जागा बघून येऊ देत, मग मुलांना आधी सांगून न्या: मध्ये काच असेल, फोनवरून बोलायचं, मिठी मारता येणार नाही. राज्यातल्या तुरुंगांत अधूनमधून १६ वर्षांखालच्या मुलांसाठी "गळाभेट" कार्यक्रम होतो, त्याची चौकशी करत राहा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. निकालाचं शेवटचं पान आत्ता पाहिलं, एकत्र भोगायचं असं कुठेच लिहिलेलं नाही. उद्याच वकिलांकडे जातोय. एक राहिलं: आईला काही झालं तर दादाला सोडतात का?

काळा_डगला

आई-वडील, पत्नी, मुलं, भावंडं यांच्यापैकी कुणाचा मृत्यू झाला तर तातडीचा पॅरोल मागता येतो. अर्ज अधीक्षकांकडे, मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांचं पत्र आणि जामीनदाराची कागदपत्रं जोडून. म्हणून आत्ताच एक जामीनदार ठरवून त्याच्या आधार, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या प्रती फाइलमध्ये ठेवा. संचित रजेच्या (फर्लो, कैदेच्या काळात मिळणारी सुट्टी) भरवशावर राहू नका. ती वर्षापेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांसाठी असते.

वकिलांकडे जाताना दोन्ही केसच्या रोजनाम्याच्या (कोर्टातल्या तारीखवार कामकाजाची नोंद) नकला न्या. एकच व्यवहार होता हे दाखवायला बिलांच्या तारखा आणि सूत व्यापाऱ्याचा खातेउताराही लागेल.